मावशींच्या लिफाफ्यावरचं तिकीट

स्वातंत्र्याला वर्ष झालं, त्या श्रावणात मी पुण्याहून लोणावळ्याला गेलो. हवापालट हे निमित्त. खरं म्हणजे घरच्यांनाच माझ्यापासून विश्रांती हवी होती. तिथून एके सकाळी बेडशाची लेणी पाहायला कामशेतला उतरलो आणि पायी निघालो. खाचरांतल्या (बांध घातलेल्या भातशेतांतल्या) चिखलानं एक वहाण गिळली. लेणी दूरच राहिली. मी चिंब भिजून एका घराच्या पडवीत उभा होतो.

घरच्या मावशींनी गरम भात आणि कुळथाचं पिठलं वाढलं. आंबेमोहोराच्या वासानं माझा राग निवला. देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी एक लिफाफा उभा होता. त्यावर बापूजींचं नवं तिकीट. त्याच वर्षी हिवाळ्यात त्यांना गोळ्या घातल्या होत्या. तिकिटाला हळदकुंकू वाहिलेलं होतं.

"पत्र कुणाला?" मी विचारलं.

"लेकाला. काश्मिरात लढाईवर हाय त्यो. पोरगी झाली त्याला, पन अजून ठाव न्हाई."

"मग टाकलं का नाही?"

"पत्र लिवून देनारं मास्तर तिकिटाला थुंकी लावाया निघालं, म्हनून मी शितानं चिकटवलं. पन टपालात त्येंच्या तोंडावर काळा ठप्पा मारत्यात. गोळ्या काय कमी झाल्या?"

माझ्या पाकिटात इंग्रज राजाचं जुनं तिकीट होतं. "हे लावू," मी म्हणालो. "याच्या तोंडावर खुशाल मारू दे."

मावशी हसल्या नाहीत. "लेक आता आपल्या राज्याचा शिपाई हाय. राजा नगं."

आत झोळीतली नात रडायला लागली. मावशी बराच वेळ ऐकत बसल्या. मग उठल्या, देव्हाऱ्यापुढे हात जोडले आणि लिफाफा माझ्या हातात दिला.

"हळू मारा म्हनावं. लय सोसलंय त्येंनी."

संध्याकाळी लोणावळ्याच्या टपाल कचेरीत मी तसंच सांगितलं. खिडकीतला वयस्कर कारकून कुंकवाकडे पाहत राहिला. "साहेब, ठसा पुसट उठला, तर पुढच्या कचेरीत पुन्हा मारतील," तो हळूच म्हणाला.

मी लिफाफा त्याच्याकडे सरकवला.

"मग एकदाच मारा," मी म्हणालो. "नीट मारा."

ठसा कपाळावर बसला आणि पत्र काश्मीरच्या वाटेला लागलं. बापूजींना विचारलं असतं, तर तेही हेच म्हणाले असते, असं घरी परतताना पुण्याच्या गाडीत मी स्वतःला समजावत होतो. कामशेत आलं तेव्हा मात्र खिडकीबाहेर पाहायचा मला धीर झाला नाही.