कठड्यातली फट

आमच्या बाल्कनीतून एक पादचारी पूल दिसतो. टोकियोतल्या निशी-कसाईत राहायला येऊन आम्हाला नऊ वर्षं झाली. भाजीच्या पिशव्या सांभाळत मी त्या पुलावरून हजारदा तरी गेले असेन. पण त्याच्या लोखंडी कठड्यात एक फट आहे, हे मला दाखवलं माझ्या सासऱ्यांनी, आणि त्यांना इथे येऊन तेव्हा जेमतेम आठ दिवस झाले होते.

ते एकटेच आले होते. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणात अडकल्या होत्या आणि तिकीट तर काढून झालं होतं. खोटं कशाला बोलू, मी जरा धास्तावलेच होते. दीड महिना हा माणूस दिवसभर घरात बसून करणार काय? नवरा सकाळी सातला कावासाकीला जायला निघतो, मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते आणि त्या दिवसांत माझ्याशी कुणी बोललेलं मला चालत नाही. मुलगी पाचवीत. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर जपानीतच येतं. अशा घरात त्यांनी कुणाशी बोलायचं?

सासरे चिंचवडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. तयार झालेला भाग मापात आहे की नाही, एवढंच आयुष्यभर बघितलं त्यांनी. निवृत्त होताना सोबत्यांनी त्यांना एक व्हर्निअर भेट दिला होता. लाकडी पेटीतलं ते मोजमापाचं हत्यार ते गावाला जातानाही बरोबर नेतात. टोकियोला येतानाही ते त्यांच्या बॅगेत होतंच, बनियनमध्ये गुंडाळून. मी हसले तेव्हा म्हणाले की, लागतं कधीतरी.

आणि लागलंच. सकाळी सहाला फिरायला जाताना पुलाच्या कठड्यातल्या त्या फटीत त्यांचं जाड पेन आरामात जायचं. दुपारी मुलीला घेऊन ग्रंथालयात निघाले तेव्हा तेच पेन तिथे जाईना. त्यांनी तीन दिवस हा प्रयोग करून बघितला आणि मग नातीला बोलावून दाखवला. उन्हात लोखंड वाढतं, गारव्यात आक्रसतं, म्हणून पूल बांधणारे मुद्दाम अशी फट ठेवतात. नाहीतर कठडा वाकडा होईल. हे सगळं त्यांनी मराठीत सांगितलं, ती जपानीत प्रश्न विचारत राहिली, आणि संध्याकाळी घरी येऊन तिने जाहीर केलं की, हेच तिचं जियू केंक्यू.

जियू केंक्यू म्हणजे इथल्या शाळांचा उन्हाळी सुट्टीतला गृहपाठ. मुलांनी आपल्या मनाने एखादा विषय घ्यायचा, शोधायचं, वही करायची आणि शाळा उघडली की वर्गापुढे उभं राहून सांगायचं. आदल्या वर्षी ती वही मी केली होती. म्हणजे तिने रंग भरले, बाकी सगळं माझं. सुंदर झाली होती वही. बाईंनी खाली लाल शाईत लिहिलं होतं की, घरच्यांनी फारच छान मदत केलेली दिसते. मला ते कौतुक वाटलं. मुलीला ते काय वाटलं हे तिच्या तोंडाकडे बघून कळलं. या वर्षी तिने सुट्टीच्या पहिल्याच दिवशी बजावलं होतं की, आईने वहीला हात लावायचा नाही. बघायचंसुद्धा नाही.

मग दोघांचा कारखाना सुरू झाला. सकाळी सहाला एक माप, दुपारी दोनला एक. शाळेच्या विज्ञानसंचातला काचेचा थर्मामीटर फटीच्या शेजारी कठड्याला चिकटपट्टीने लावायचा, दहा मिनिटं थांबायचं, तापमान लिहायचं, मग व्हर्निअरने फट मोजायची. दहा मिनिटं का, तर रीडिंग स्थिरावू दे. स्थिरावू दे हा शब्द सासरे दिवसातून वीसदा उच्चारत. मुलगी दातसुद्धा त्या तालात घासायला लागली.

आकडे आजोबांनी मराठीत सांगायचे आणि तिने जपानीत परत म्हणायचे, असा त्यांचा करार होता. चार दिवसांत आजोबांना जपानी आकडे आले. तिला एकोणीसचं कोडं मात्र बरेच दिवस सुटलं नाही, कारण ती एकोणतीस आणि एकोणीस यांची सारखी अदलाबदल करायची आणि मग दोघं पुलावर उभे राहून बोटं मोजायचे. येणारेजाणारे बघत असतील. माझं काय जातंय?

माझं एकच म्हणणं होतं. ऑगस्टची दुपार इथे कशी असते हे पुण्याहून आलेल्या माणसाला सांगून कळत नाही. रोज लाउडस्पीकरवरून घोषणा होते की, गरज नसेल तर बाहेर पडू नका. आमचे दोघे नेमके दोनला बाहेर पडणार. तेव्हा मी सासऱ्यांच्या हातात मोठी काळी छत्री दिली आणि जरा आवाज चढवूनच म्हटलं, “बाबा, ऊन असेल तर पुलावर असेपर्यंत हिच्या डोक्यावर छत्री हवी. नाहीतर दुपारचं मोजणं बंद.” त्यांनी मान डोलावली. कारखान्यात वरून आलेला हुकूम ते असाच ऐकत असणार.

वहीच्या शेवटच्या पानावर मुलीने तळाला एक चौकोन आखला होता. त्यात आजोबांची सही घ्यायची होती. त्यांनीच तिला सांगितलं होतं की, त्यांच्याकडे तपासणीच्या प्रत्येक कागदावर खाली त्यांची सही असायची आणि ती असल्याशिवाय माल फाटकाबाहेर जायचा नाही. तिला ते फारच आवडलं. वर्गात कुणाच्याच वहीत अशी सही असणार नाही. सही आत्ताच करा म्हणून ती मागे लागली तर म्हणाले, आधी नाही. काम बरोबर आलं तर शेवटी. न पटलेल्या कागदावर मी आजवर सही केलेली नाही.

त्यांचं परतीचं विमान शाळा उघडायच्या चार दिवस आधी होतं.

सुट्टी संपायला दोन आठवडे उरले असताना मुलीने एका सुट्या कागदावर आलेख काढला. आडवं तापमान, उभी फट. लोखंड जितकं तापेल तितकी फट कमी, म्हणजे ठिपके एका तिरक्या रेषेत यायला हवेत. सकाळचे आले. ढगाळ दुपारचेही आले. बाकीच्या दुपारचे मात्र सांडलेल्या शेवेसारखे इकडेतिकडे पसरले. फट भरपूर मिटलेली, आणि थर्मामीटर म्हणतोय की लोखंड तितकंसं तापलेलंच नाही.

सासऱ्यांनी चष्मा पुसून तो आलेख दोनदा बघितला. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी व्हर्निअर मुलीच्या हातात दिला, तूच वाच म्हणाले. तिच्या मापानेही ठिपके सांडलेलेच राहिले. पण त्यांच्या मनातून ते गेलं नाही. जेवताना एकदम म्हणाले की, आधीचे सगळे आकडे माझ्या डोळ्यांचे आहेत, त्यांचा भरवसा काय? मुलगी घास हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिली.

आणि मी तिथे नाक खुपसलं. मी सॉफ्टवेअर तपासते, आकड्यांशी माझाही रोजचा संबंध आहे. मी म्हटलं, एवढं काय त्यात, ते आठ-दहा ठिपके काढून टाका, रेष सुंदर येईल, कुणाला कळणार आहे?

सासरे माझ्यावर कधी चिडत नाहीत. तेव्हाही आवाज शांतच होता. “काढ. मग खालचा सहीचा चौकोन पण खोडून टाक.”

मी जीभ चावली, पण उशीर झाला होता. मुलगी उठून आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. भिंतीपलीकडून तिचं रडू ऐकू येत होतं. सासऱ्यांनी ताट तसंच ठेवलं. रात्री नवऱ्याजवळ ते बोलले की, पोरीला नको त्या कामात ओढलं, आता तिची वही अर्धवट राहणार आणि मी काही सही करू शकत नाही. नवऱ्याने मला जे ऐकवायचं ते ऐकवलं. बरोबरच होतं त्याचं.

दोन दिवस घरात कुणी धड बोललं नाही. मोजायला मात्र ते दोघं जात होते. बाल्कनीतून मला नुसती ती काळी छत्री दिसायची आणि त्याखाली चार पाय. तिसऱ्या दिवशी दुपारी माझी एक मीटिंग रद्द झाली. मी खालच्या कोंबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानातून, गार मुगिचाच्या बाटल्या घेतल्या आणि पूल चढून वर गेले. माफी कशी मागायची हे काही ठरवलं नव्हतं. जवाचा चहा हातात दिला की पुढचं आपोआप होईल अशी आशा होती.

ते दहा मिनिटांच्या थांबण्यात होते. मुलगी वहीत तारीख लिहीत होती, सासरे तिच्या डोक्यावर छत्री धरून उभे, स्वतः अर्धे उन्हात. मी छत्रीत शिरले आणि दम खायला कठड्यावर हात टेकला. कोमट होता. मुलीने माझ्याकडे बघितलं नाही. मग तिला जागा करून द्यायला मी एक पाऊल मागे सरले आणि पुन्हा हात टेकला, तो छत्रीबाहेरच्या कठड्यावर. तवाच तो. हात झटकून मी अशी ओरडले की खालचा सायकलवाला थांबला.

सासऱ्यांनी आधी माझा तळहात बघितला, भाजला नाहीये ना म्हणून. मग कठड्याकडे बघितलं. तिथे हात लावला, इथे लावला. मग त्यांची नजर थर्मामीटरवर गेली आणि तिथून वर, छत्रीच्या काड्यांकडे.

“छत्री,” ते म्हणाले.

मुलीला माझ्या आधी कळलं. पूल सगळा उन्हात तापलाय, या टोकापासून त्या टोकापर्यंत, म्हणून फट मिटलीय. आणि थर्मामीटर मात्र हातभर सावलीत बसून दहा मिनिटं स्थिरावतोय. त्यांचे डोळे, तिचा हात, व्हर्निअर, सगळं बरोबर होतं. ढगाळ दिवशी छत्री नव्हती, सकाळी छत्री नव्हती, म्हणून ते ठिपके रेषेत. तिने वही कठड्यावर आपटली, आजोबांच्या हातातून छत्री ओढून घेतली आणि मिटवून टाकली. भराभर जपानीत काहीतरी बोलली, त्याचा अर्थ एवढाच की, आता खरं माप घेऊ.

सासऱ्यांनी छत्री परत घेतली आणि उघडली. तिने पुन्हा हात घातला तर दांडा घट्ट धरून ठेवला.

“माप चुकलं तरी चालेल मला,” ते म्हणाले. “तुला उन्हात उभी करणार नाही.”

ज्या माणसाने न पटलेल्या एका कागदावरही कधी सही केली नाही, त्याच्या तोंडचं हे वाक्य होतं. मुलीने दांडा सोडला. मग तिने थर्मामीटरची चिकटपट्टी सोडवली, तो दहा पावलं पलीकडे भर उन्हात कठड्याला लावला आणि पळत पळत छत्रीखाली परत आली. एवढं सोपं होतं. आम्ही तिघं त्या सावलीत दाटीवाटीने उभे राहून मुगिचा प्यायलो आणि रीडिंग स्थिरावू दिलं. त्या दुपारचा ठिपका रेषेवर आला. पुढच्या सगळ्या दुपारचेही आले.

मला वाटलं आता तरी जुने ठिपके जातील. पण बोलायची छाती नव्हती. सासऱ्यांनी ते तिला ठेवायला लावले. प्रत्येकाभोवती लाल गोल, आणि बाजूला चूक कशाने झाली ते.

त्यांच्या निघण्याच्या आदल्या संध्याकाळी बॅगा भरून झाल्यावर मुलीने वही आणून त्यांच्यापुढे ठेवली आणि मला बोलावलं. वहीत सगळं जपानीत. आजोबांना वाचून दाखवायला कुणीतरी हवं होतं. महिनाभर ज्या वहीकडे बघायचीही बंदी होती ती मी पहिल्यांदा हातात घेतली. एकेक ओळ मराठीत सांगत गेले. ते मधून मधून आकड्यांवर बोट ठेवून मला थांबवत, पुन्हा वाच म्हणत. लाल गोलांच्या पानावर आले तेव्हा मी थबकले. तिथे लिहिलं होतं: चूक कशाने झाली, तर छत्रीच्या सावलीने. आजोबांनी छत्री धरली, कारण आईने सांगितलं होतं.

मी तेही सांगितलं. काय करणार, अनुवादकाला लपवता येत नाही.

“बरोबर लिहिलंय,” सासरे म्हणाले. त्यांनी खिशातून ते जाड पेन काढलं आणि चौकोनात सही केली. देवनागरीत, लफ्फेदार, खाली दोन रेघा. मुलगी ती सही बघत राहिली. मग पेनाचं टोपण लावता लावता ते थांबले आणि तिला म्हणाले की, अजून एक राहिलं. त्यांच्याकडे चूक सापडली की ती ज्याच्या हातून झाली त्याचीही सही त्या कागदावर घ्यायचे. शिक्षा म्हणून नव्हे. काम करणाऱ्यांत तोही होता, एवढं कळावं म्हणून.

मुलीने जरा विचार केला. मग पट्टी घेतली आणि आजोबांच्या चौकोनाशेजारी दुसरा चौकोन आखला, तेवढाच मोठा. चारही कोपरे नीट जुळवले. पेन उघडून माझ्या हातात दिलं आणि बोट ठेवून दाखवलं.

“आई, कोको,” ती म्हणाली. म्हणजे इथे.

मी सही केली. एक रेघ चौकोनाबाहेर गेली, पण ती मी खोडली नाही.