अण्णांची बेलबॉटम

काल जालन्यात कॉलेजच्या जुन्या फॅशनच्या शोसाठी पोरं पेटीतल्या पँटी झटकून राह्यली होती. डांबरगोळ्यांचा वास आला अन् मी जोक अर्धाच सोडून एक पँट नाकाशी धरली.

मी सातवीत होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, उन्हाळ्यात गेल्ते. आमच्यात माणूस गेलं की त्याचे कपडे वाटून टाकतात. एक बेलबॉटम तेवढी वाचली, कारण ती शिंप्याकडं कंबर ढिली करायला दिल्ती. आईनं ती डांबरगोळ्या टाकून ठेवली, पण रडली न्हाई. एकदाबी न्हाई. मावशी मला म्हणाली, "साऱ्या गावाच्या नकला करतो, मंग आईला रडव की. न्हाईतर दुःख छातीत बसंल तिच्या."

गणपतीत मंडळानं डान्स ठेवल्ता. मावशीनं आईला ओढूनच आणलं. मी तीच बेलबॉटम कमरेला दोरीनं बांधून स्टेजवर चढलो. स्पीकरनं पायाखालच्या फळ्या थरथरत होत्या. मी अण्णांसारखा डावा खांदा पाडून, खिशात हात घालून चाललो. पब्लिक लोटपोट. आई नुसती बघत राह्यली.

परत येताना रस्त्यात ती म्हणाली, "ते असे न्हाई चालायचे. उजवा खांदा, येड्या." अन् पदर खोचून तिनं चालून दाखवलं. बराबर अण्णा! जराशी पुढं गेली अन् मटकन बसून रडाया लागली.

मी बघत उभा होतो. मला काहीच वाटंना. मावशीनं आईला कवटाळलं, माझ्याकडं पाह्यलं अन् म्हणाली, "ही सुटली बाई. आता ह्या पोराला कोण रडवणार?"