जहाजाची डावी बाजू

बडोद्यात, वासण्याला आमच्या सोसायटीच्या खालीच एका ट्रॅव्हल एजंटचं दुकान आहे. काचेच्या दारावर बर्फाचे डोंगर चिकटवलेले, आत एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय. तिथे बसून मी मुंबई ते गोवा आणि परत अशा जहाजाची तिकिटं काढत होते. आईबाबांना बाल्कनीवाली केबिन, मला आतली, खिडकी नसलेली. सगळं ठरलं, आणि त्या भल्या माणसाने स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं, "बेन, केबिन डाबी बाजुनी जोईए के जमणी?"

डावी की उजवी, एवढंच. मी म्हटलं, "घरी विचारून सांगते," आणि चक्क उठून बाहेर आले. या एका प्रश्नाने आमच्या घरात वर्षभर उच्छाद मांडला होता, आणि आता तो जहाजावरही आमच्या आधी जाऊन बसला होता.

खरं तर बाजू निवडणं हे आमच्याकडे बाबांचं खातं. आम्ही नागरवाड्यात राहत होतो तेव्हा एसटीने कुठेही जायचं तर बाबा स्टँडवर आधी आकाशाकडे बघायचे. बस कुठल्या दिशेला जाणार, ऊन कुठून येणार, वळण कुठे आहे हे मनात जुळवायचे आणि मग हुकूम सोडायचे, "उजवीकडे बसा. भरूचपर्यंत सावली." समोरच्या बाजूला घामाघूम झालेल्या लोकांकडे ते अशा काही सहानुभूतीने बघायचे की मला लाज वाटायची. नर्मदेचा पूल आला की आईच्या दंडाला बोट टोचायचे. "अगं, बघ." आईने ती नर्मदा शंभरदा पाहिलेली, तरी ती मान लांब करून बघायची. दाखवल्याशिवाय बाबांना काही बघितल्यासारखं वाटतच नसे.

लग्नानंतर कधीतरी त्यांनी आईला शब्द दिला होता, तुला एकदा जहाजातून किनारा दाखवीन. किनाऱ्यावर उभं राहून समुद्र कोणीही बघतं, समुद्रातून आपली जमीन कशी दिसते ते बघायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. बडोद्यात राहून हे असलं वेड. मग आमची शिक्षणं आली, रिफायनरीतल्या शिफ्टा आल्या, नागरवाड्यातलं घर सोडून वासण्याला येणं आलं, आईचे गुडघे आले. आणि गेल्या वर्षी बाबांना झटका आला.

हात वळतो, पाय थोडा ओढतात, बोलणं स्वच्छ आहे. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. आम्हीही पेढे वाटले. फिरायला न्यायचं असेल तर आता न्या, पुढच्या वर्षाचं मी काही सांगत नाही, असंही डॉक्टर म्हणाले. म्हणून हे जहाज. बाबांना आईला किनारा दाखवायचा होता आणि आम्हाला तेवढं घडवून आणायचं होतं. बाकी काही मागणं नव्हतं.

पण झटक्याने बाबांची डावी बाजू नेली होती, आणि हे आम्हाला कळलं चटणीमुळे.

आमच्या घरी पान वाढायची पद्धत अजून जुनी आहे. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, आमटी. दवाखान्यातून आल्यापासून बाबा चटणी-कोशिंबिरीला हात लावेनात. भाजी-पोळी, आमटी-भात सगळं चाटूनपुसून संपायचं आणि ताटाचा डावा अर्धा जसाच्या तसा. आई म्हणाली, "शरीरालाच आंबट-तिखट नको असेल. बळजबरी नको करूस." तिने कोशिंबीर करणंच सोडलं. खंडेराव मार्केटातून मी ताज्या काकड्या आणल्या तर माझ्यावर ओरडली, पथ्य कळत नाही का म्हणून. शेजारपाजारच्या मराठी बायकांनीही माना डोलावल्या, आजारातून उठलेल्या माणसाचं असंच होतं.

माझा नवरा गुजराती. एका रविवारी त्याने बाबांना वाढलं. त्याला कसलं आलंय डावं-उजवं, जिथे जागा दिसली तिथे त्याने ठेवलं. शाक डावीकडे, कचुंबर आणि कैरीचा गोड छुंदा उजवीकडे. बाबांनी छुंद्याची वाटी चाटून साफ केली, कचुंबर दोनदा मागून घेतलं आणि आईला विचारलं, "आज भाजी नाही केलीस?"

भाजी त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर होती. नवरा हसला, त्याला वाटलं सासरे गंमत करताहेत. मी ताट अर्धं फिरवलं. बाबा म्हणाले, "अरे वा, केलीय की!" आणि जेवायला लागले.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. डोळे उत्तम आहेत, पण डावी बाजू नावाची काही गोष्ट जगात आहे हे त्यांच्या मेंदूच्या ध्यानातून गेलंय. डावीकडून हाक मारली तरी ते उजवीकडेच शोधतील. मग एकेक उलगडायला लागलं. दाराच्या डाव्या चौकटीवर खांदा आपटणं. अर्धीच दाढी. सकाळी पेपर वाचताना चिडणं, "आजकाल या लोकांना धड वाक्य लिहिता येत नाही." प्रत्येक ओळीचा उजवा तुकडाच वाचत होते बिचारे आणि दोष वार्ताहरांना देत होते.

सगळं उजवीकडेच वाढावं तर आई ऐकेना. उलटं पान पितरांना वाढतात, जिवंत माणसाला नाही, आणि यावरून ती मुळीच हटणार नव्हती. शेवटी तोड निघाली. पान सरळ वाढायचं आणि जेवण अर्ध्यावर आलं की फिरवायचं. ते काम माझ्याकडे आलं. बाबांना ते रोज नव्याने आवडतं. प्रत्येक वेळी त्यांना वाटतं, दुसरं ताट आलं.

तर असं आमचं घर, आणि एजंट विचारत होता, डावी की उजवी.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात ओट्यावर लाटणं ठेवलं. हे जहाज. तोंड दक्षिणेला, म्हणजे फ्रीजकडे. डावीकडे किनारा म्हणून पोळ्यांचा डबा. आई कणीक मळत होती, ती थांबली. मी वाटी घेतली आणि लाटण्याच्या डाव्या अंगाला चिकटवली. "हे बाबा. बाल्कनीत बसले, तोंड डब्याकडे. आता जहाज पुढे जातंय. किनाऱ्यावरची प्रत्येक गोष्ट त्यांच्या उजव्या हाताने येणार. दीपगृह, डोंगर, दिवे, सगळं त्यांना येताना दिसेल."

"आणि मग?"

"मग नाकासमोर आलं की नाहीसं होईल."

मी वाटी पलीकडे नेली. "इथे घेतली तर नुसता समुद्र. बोट वगैरे आली तर ती डावीकडून येणार. अर्धी वाट गेल्यावर एकदम समोर उगवणार आणि दूर जाताना तेवढी दिसणार."

"म्हणजे एकीकडे येणारं दिसतं आणि एकीकडे जाणारं," आई म्हणाली.

"हो."

"डावी घे. येणारं बघू देत." मग कणकेचा गोळा तसाच हातात धरून तिने विचारलं, "आणि मी कुठे बसू?"

"नेहमीसारखी बस ना," मी बोलून गेले. "त्यांच्या डावीकडे."

बोलून गेले आणि माझं मलाच कळलं. आई ओट्याकडे बघत होती. वाटीच्या डाव्या बाजूला तिथे काहीच नव्हतं.

आमच्या हॉलमध्ये झोपाळा आहे, नागरवाड्यातून आणलेला. रोज संध्याकाळी दोघं त्यावर बसतात. बाबा उजवीकडे, आई डावीकडे, मला आठवतं तेव्हापासून. आईचा डावा कान लहानपणी फुटला आणि कायमचा गेला. मशीन लावून पाहिलं, उपयोग झाला नाही. म्हणून ती बाबांच्या डावीकडे बसते, म्हणजे तिचा चांगला कान त्यांच्या बाजूला येतो आणि ते पुटपुटले तरी तिला कळतं.

"तरीच," आई म्हणाली. "मला वाटायचं, काहीतरी मनात धरलंय माझ्याबद्दल. दवाखान्यात मी त्या नर्सशी भांडले ना, ते आवडलं नसेल. तासन् तास शेजारी बसते, माझ्याकडे वळून बघत नाहीत. ते बोलले तर भिंतीशी बोलल्यासारखे. मी कुणाला सांगितलं नाही." मग तिने गोळा परातीत टाकला. "म्हणजे मीसुद्धा चटणीच की."

मला हसूही येईना आणि रडूही. वर्षभर ताटं फिरवली, पेपर सरकवले, चौकटीला गादी शिवून लावली, आणि आईचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. तिच्या स्वतःच्याही नाही. मी म्हटलं, मग तू उजवीकडे बस, तुला बघतील तरी. ती म्हणाली, "बघतील. पण मला ऐकू यायला पाहिजे ना. किनारा दाखवणार, त्याबद्दल सांगणार, आणि मी शेजारी ठार बहिरी." मी म्हटलं, समोर बस. ती म्हणाली, "समोर किनारा आहे ना. तोच अडवू?"

मग आम्ही दोघी कितीतरी वेळ त्या लाटण्याकडे बघत उभ्या होतो. नवऱ्याने आत येऊन विचारलं, "शूं थयूं?" आईने पुन्हा कणीक मळायला घेतली. पोळ्या त्या दिवशी उशिरा झाल्या.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला एजंटचा फोन आला. दोन्ही बाजूंना शेवटच्या केबिन उरल्यात, आत्ताच सांगा. बाबा झोपाळ्यावर उजवीकडे, आई डावीकडे, रोजच्यासारखी. आईने त्यांचा डावा हात आपल्या मांडीवर घेतला होता आणि बोटं चोळत होती. मी फोन कानाशी धरून बाबांच्या पुढ्यात, उजव्या अंगाला उभी राहिले.

"बाबा, जहाजात डावी बाजू घेऊ की उजवी?"

त्यांनी डोळे बारीक केले. स्टँडवर आकाशाकडे बघायचे तसे.

"जाताना दक्षिणेला ना? मग किनारा डाव्या हाताला. डावी घे," ते म्हणाले. "उजवीकडच्या लोकांना नुसतं पाणी."

डोक्यातल्या नकाशात डावी बाजू शाबूत होती. मी फोनमध्ये सांगितलं, "डाबी." तिकडून तो नावांची स्पेलिंगं वाचून दाखवायला लागला.

"पण तिलाही विचार," बाबा म्हणाले. "कुठे असते ती हल्ली? दिसत नाही."

आई त्यांची बोटं चोळायची थांबली. मग तिने तो हात हळूच खाली ठेवला, गुडघ्यावर जोर देऊन उठली, झोपाळ्याला पुढून वळसा घातला आणि त्यांच्या उजवीकडे येऊन बसली. बाबांचा चेहरा असा उजळला की मी वर्षभरात तसा पाहिला नव्हता.

"आलीस!" ते म्हणाले. आणि मग हळू आवाजात, पोरीसमोर बोलायची लाज वाटावी तसे, "मला वाटलं, रागावलीस. इतके दिवस जवळसुद्धा येत नाहीस."

तिचा बंद कान त्यांच्याकडे होता. तिला ओठ हलताना दिसले, ते आपल्याकडे बघताहेत हे दिसलं, आणि ती खुलून हसली. "हो, हो," ती म्हणाली.

बाबांनी मान खाली घातली.

"आई! हो काय?" मी ओरडले. "ते विचारताहेत, तू रागावलीस का!"

"काय म्हणाले? थांब, या बाजूने कळत नाही मला." ती घाईघाईने उठली. पुन्हा तोच वळसा, पुन्हा डावीकडे, चांगला कान थेट त्यांच्या तोंडाशी. "बोला हो, काय म्हणालात? परत सांगा ना."

बाबांनी आवाज ऐकला आणि उजवीकडे वळून बघितलं. झोपाळ्याची फळी तिथे रिकामी होती. त्यांनी तिच्यावर हात फिरवून पाहिला, आणि मग मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"बघ," ते म्हणाले. "विचारलं तर उठून गेली."