जाऊबाईंचा पांढरा भांग

आमच्या थोरल्या जाऊबाईंनी उभ्या आयुष्यात एकच गोष्ट लपवली, आणि ती अख्ख्या अणदूरला माहीत होती. त्यांचे केस पिकलेले आहेत, ही ती गोष्ट. किराणा दुकानदाराला माहीत होती, कारण कलपाची पाकिटं त्याच्याकडूनच यायची, तीही साखरेच्या पुड्याखाली दडवून. शेजारणींना माहीत होती, कारण एक रविवार आड आमच्या न्हाणीघरातून काळं पाणी वाहत गटारीला जायचं. मला तर लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी कळली. ते काळं पाणी बघून मी घाबरून सासूबाईंना हाक मारली, तर त्या शेंगा फोडता फोडता म्हणाल्या, काही नाही गं, थोरली तरुण होतीय. माहीत नव्हतं ते फक्त मोठ्या भाऊजींना, म्हणजे जाऊबाईंच्या नवऱ्याला, आणि त्यात जाऊबाईंची हुशारी काडीची नव्हती. भाऊजींना द्राक्षाच्या वेलीवरचं एक पिवळं पडलेलं पान बांधावरून दिसतं, पण घरात नवं कपाट आणलं तर त्याला धडकल्यावरच कळतं.

केस त्यांचे विशीतच पिकायला लागले होते. भाऊजींकडची मंडळी त्यांना बघायला आली, त्या दिवशी त्यांच्या आईनं खोबरेल तेलात काजळ कालवून भांगाच्या दोन्ही अंगांना चोळलं. लग्न जमलं, आणि जाऊबाई जन्माच्या अडकल्या. काजळ गेलं, काळी मेंदी आली, मेंदी गेली, कलप आला. रविवारी दुपारी भाऊजी रानात गेले की त्या न्हाणीघराचं दार लावून घ्यायच्या. गळ्याभोवती जुना परकर, हातात झिजलेला दातांचा ब्रश, एक टवका उडालेली वाटी आणि डोक्याला गुंडाळायला दुकानातली पिशवी, असा सगळा सरंजाम असे. मला हुकूम होता की कोणी आलं तर अक्का रानात गेल्यात म्हणायचं. मी इमानानं तसं सांगायची, आणि त्याच वेळी आतून आवाज यायचा, "धाकटे, कोण आलंय गं? च्या कर त्यास्नी."

एकदा मात्र मोठीच गंमत झाली. आमचा खंडोबा वर्षातले काही दिवस नळदुर्गला राहायला जातो आणि परत येतो, तेव्हा सगळं गाव त्याला आणायला लोटतं. त्या वर्षी पालखी आमच्या गल्लीत दुपारनंतर येईल असा हिशोब धरून जाऊबाईंनी सकाळीच कलप लावला, आणि पालखी सकाळीच आली. देव दारात आणि आपण न्हाणीघरात, हे त्यांना सोसेना. तशाच पदर ओढून धावल्या. गर्दीत पदर गेला, वरून मुठीमुठीनं भंडारा उधळला गेला, आणि ओल्या कलपात मिसळून हळद चुन्यात पडल्यासारखी लाल झाली आणि कपाळावरून लालभडक ओघळ वाहायला लागले. मोकळे चिकट केस, लाल कपाळ, वटारलेले डोळे. गर्दी मागं सरली. कोणीतरी हात जोडले. एका म्हातारीनं पायच धरले आणि पोराची बदली कधी होईल म्हणून विचारलं. जाऊबाईंना तिथनं कसंही करून सुटायचं होतं, म्हणून त्या म्हणाल्या, होईल, होईल, सोड आता. ती बदली खरंच झाली हो. अजून ती म्हातारी जत्रेला आली की आमच्या उंबऱ्यावर नारळ ठेवून जाते, आणि जाऊबाई तो निमूटपणे फोडून चटणी करतात.

अशा या बाईचं एकच खरं दुखणं होतं. त्यांची एकुलती एक मुलगी, आमची रेणू, नखशिखांत बापासारखी. नाक बापाचं, चाल बापाची, हसणं बापाचं. येणारा-जाणारा म्हणायचा की पोरगी भाऊंवर गेलीय, आणि जाऊबाई तोंड फिरवून भांडी आपटायच्या. "पोटात म्या वागवली, आन माझं हिच्यात काहीच न्हाय," असं त्या मला कितीदा तरी म्हणाल्या असतील. मी हसण्यावारी न्यायची, पण त्यांना ते लागायचं.

रेणू धाराशिवला एका कॉलेजात शिकवते. शनिवारी एसटीनं घरी यायची. सव्वीस वर्षांची झाली आणि तिच्यासाठी स्थळं बघणं सुरू झालं. अशाच एका रविवारी जाऊबाई वाटीत कलप कालवत बसल्या होत्या, मी पाठीमागचे केस लावून द्यायला बसले होते. रेणू आत आली, पाट ओढून आईपुढं बसली आणि वेणी सोडली. म्हणाली, आधी माझा भांग करून दे, पाहुण्यांना दिसायला नको. जाऊबाईंनी तिचे केस बाजूला केले. भांगाच्या कडेला आठ-दहा पांढरे केस होते. ब्रश हातात तसाच राहिला. त्या म्हणाल्या की तुला हे लावायचं नाही. रेणूनं मान वळवून साधंच विचारलं, "मग तू का लावतीस?"

जाऊबाईंनी उठून वाटी मोरीत पालथी केली. त्या दिवसापासून त्यांनी कलप बंद केला.

आता कलप बंद करणं बोलायला सोपं आहे. केस काही एका दिवसात पांढरे होत नाहीत. आधी भांगाशी एक पांढरी रेघ आली, मग हायवेच्या रुंदीकरणासारखी ती दर महिन्याला दोन्ही बाजूंनी वाढायला लागली. वर पांढरं, खाली तांबूस, शेवटी काळं. गावानं याचा एकच अर्थ काढला, की घरात काहीतरी मोठं वाईट झालंय. बायका भेटायला यायला लागल्या. कोणी सफरचंदं आणली, कोणी बिस्किटाचा पुडा. कोणी हळूच सोलापूरच्या चांगल्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. एक जण मला कोपऱ्यात घेऊन, भाऊजींचं बाहेर काही आहे का, म्हणून विचारून गेली. भाऊजींचं बाहेर आहे ते एक द्राक्षाचा बाग आणि एक बंद पडलेला मोटारपंप, हे मी तिला सांगितलं तरी तिचं समाधान झालं नाही. खुद्द भाऊजींनी एवढ्या महिन्यांत एकदाच बायकोकडं जरा निरखून पाहिलं आणि विचारलं, चष्मा बदललास का?

आणि त्यातच येरमाळ्याचं स्थळ आलं. मुलगा चांगला, रेणूच्याच कॉलेजाजवळ नोकरीला. दोघं फोनवर बोलले होते, आणि फोन ठेवल्यावर रेणू स्वयंपाकघरात उगाचच गुणगुणत फिरायची. जाऊबाईंचं डोकं तेव्हा नेमकं अर्ध्यावर आलेलं. आईचे केस असे बघून लोक मुलीचं वय चोरलंय असं म्हणणार, मुलगी पण लवकर पिकेल असं धरून चालणार. सासूबाई म्हणाल्या, मी म्हणाले, लग्न होईपर्यंत तरी लावा. त्या ऐकेनात. शेवटी पाहुण्यांसमोर डोक्यावर पदर असतोच, तो तेवढा घट्ट घ्या, यावर तडजोड झाली. जाऊबाईंनी फार लवकर हो म्हटलं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

पाहुणे आले, बसले, पोह्यांच्या बशा फिरल्या. जाऊबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेल्या, तो स्टुलावर ठेवला, आणि सगळ्यांदेखत पदर मागं सारला.

"पोरीच्या भांगात पांढरे हायेत," त्या म्हणाल्या. "माझ्याकडून आलेत. माझ्या आईनं माझे काजळानं झाकले व्हते, म्या हिचे झाकणार न्हाय. बगून घ्या, मग च्या घ्या."

पाहुण्यांच्या आधी मोठे भाऊजीच बायकोच्या डोक्याकडं बघत म्हणाले, "हे कवा झालं?"

मुलगा हसला, रेणू हसली. मुलाची आई हसली नाही. तिनं जाऊबाईंच्या डोक्यावरची नजर शेवटपर्यंत हलवली नाही. कळवतो म्हणून मंडळी गेली.

दोन दिवसांनी मुलाच्या काकांचा फोन आला. मुलगी पसंत आहे, पण विहीणबाईंनी लग्नापुरते केस काळे करावेत, चार लोक येणार, फोटो निघणार. जाऊबाईंनी बरं म्हणून फोन ठेवला. गावाचं, सासूचं, माझं न ऐकणारी ती बाई त्या रविवारी गुपचूप दुकानात गेली आणि पाकीट घेऊन आली. मी बघितलं तर न्हाणीघराचं दार उघडंच, आणि त्या वाटी मांडीवर घेऊन कालवत बसलेल्या. डोळे भरलेले. मला म्हणाल्या, पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे गं, माझ्या डोक्याचं काय एवढं. तेवढ्यात रेणू आली. तिनं तोच पाट ओढला, आईपुढं पाठ करून बसली आणि वेणी सोडली.

"आधी मला लाव," ती म्हणाली. "मग तुला."

जाऊबाईंनी ब्रश उचलला, तिच्या भांगापर्यंत नेला आणि तिथंच धरून बसल्या. कलप वाटीत वाळून गेला. मग रेणूनं उठून स्वतःच मुलाला फोन लावला आणि सांगितलं की आमच्या घरात आता कोणी कलप लावणार नाही, तुमच्या घरच्यांना विचारून घ्या. बोलताना आवाज चांगला होता, फोन ठेवल्यावर मात्र आईच्या गळ्यात पडून रडली.

आठवडा गेला, काही निरोप आला नाही. आणि एका दुपारी एसटीतून मुलाची आई एकटीच उतरली. मुलाकडची बाई अशी एकटी येणं म्हणजे नवलच. हातात येरमाळ्याच्या येडेश्वरीचा प्रसाद. फोन दिरांनी केला होता, मला न विचारता केला होता, असं तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. मग ती स्वयंपाकघरात आली, दार लोटून घेतलं आणि जाऊबाईंजवळ खाली बसली. तिच्या कानामागं एक काळा डाग होता. असे डाग आमच्या घरात सगळ्यांना ओळखू येतात.

"पोरगी आमचीच झाली, ते सोडा," ती हळू आवाजात म्हणाली. "मला एवढं सांगा, हे अर्धं काळं, अर्धं पांढरं असतानाचे मधले दिवस कसे काढले?"

जाऊबाई चुलीवरच्या आधणाकडं बघत म्हणाल्या, "लोक भेटाया यायचे, म्या च्या करायची. डोक्याकडं बगायला येळच न्हाय घावला."

दोघी विहिणी त्या दिवशी इतक्या हसल्या की बाहेर सासूबाईंना वाटलं लग्न मोडलं आणि दोघी रडतायत.

लग्न झालं. फोटोवाल्यानं चांगुलपणानं अल्बममध्ये जाऊबाईंचे केस काळे करून दिले, तर त्यांनी अल्बम परत पाठवला.

आता रविवारी दुपारी जाऊबाईंना काय करावं ते कळत नाही. सवयीनं पाट घेऊन अंगणात येतात, मी त्यांच्या डोक्याला तेल लावते. यंदा देव नळदुर्गहून परत आला, तेव्हा रेणूला सुट्टी मिळाली नाही. जाऊबाई गर्दीत उभ्या होत्या, पण नजर सारखी एसटीच्या रस्त्याकडं. भंडारा उधळला आणि त्यांचं सगळं पांढरं डोकं पिवळंधमक होऊन गेलं. जन्मभर फोटोत लोकांच्या मागं लपलेली ही बाई मला म्हणाली, काढ माझा फोटू, पाठव तिला. मी पाठवला. थोड्या वेळानं रेणूनंही स्वतःचा पाठवला, कॉलेजच्या गच्चीवरचा. वाऱ्यानं केस उडालेले, आणि आता वाढून कपाळापासून मागं गेलेली पांढरी रेघ उन्हात स्वच्छ दिसत होती.

जाऊबाईंनी फोन हातात घेतला. डोळे पुसले, भंडारा गालभर पसरला. मग शेजारी उभ्या असलेल्या भाऊजींच्या पुढं फोन धरला आणि म्हणाल्या, "बगा. माझ्यावर गेलीय."