अर्धी छत्री

पुढे चालण्यात आमच्या शेजारच्या केमिस्टसाहेबांचा हात अख्ख्या श्रीगोंदा तालुक्यात कुणी धरू शकणार नाही. उभी हयात साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेलेली. निवृत्त झाले तरी कुणाकडे चहाला बसले की आधी चिमूटभर साखर तळहातावर घेऊन दाणा तपासणार आणि "पाक जरा घाईनं उतरवला," असा निकाल देणार. दहाच्या एसटीसाठी आठलाच फाट्यावर हजर. रस्त्याने स्वतः वीस पावलं पुढे, मागून काळी छत्री घेऊन वहिनी. एकदा एका लग्नाला निघाले आणि दोन गल्ल्या वहिनींशी बोलत गेले. वहिनी केव्हाच मैत्रिणीच्या ओट्यावर टेकल्या होत्या. मागून उत्तर येईना, तेव्हा "आज हिला माझं पटलं!" म्हणून स्वारी खूश.

नोकरीत असताना ते एकदा ऊस बघायला मॉरिशसला जाऊन आले होते. थेट समुद्रापर्यंत गेलेला ऊस पाहून त्यांनी म्हातारपण तिथेच काढायचं ठरवलं. वहिनींनी तर समुद्र कधी पाहिलाच नव्हता. साहेबांच्या व्हिसाचं निवृत्त म्हणून काम होण्यासारखं होतं, वहिनींचा व्हिसा मात्र त्यांच्यावर अवलंबून असलेली पत्नी म्हणून निघायचा. नगरच्या एजंटाने लग्नाच्या दाखल्यासोबत दोघांचे एकत्र असे जुने फोटो मागितले. साहेब अल्बम घेऊन माझ्या ओसरीवर आले, मागून वहिनी.

चाळीस वर्षांच्या संसारात दोघांचा एकत्र असा एक फोटो निघेना! लग्नातल्या फोटोत मध्ये अंतरपाट, आणि फोटोग्राफरचा रोल नेमका तिथेच संपलेला. भंडारदऱ्याला धरणापुढे साहेब ऐटीत, कडेला अर्धी छत्री. शेवगावच्या बाजारात साहेब, कडेला अर्धी छत्री. मला हसू आवरेना. तेवढ्यात वहिनी अगदी सहज म्हणाल्या, "तुमी व्हा म्होरं. आजवर ग्येलातच की. जमलं तर मी येते मागनं."

आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते वाक्य लागलं. साहेबांनी अल्बम मिटला. "न्हाई," ते म्हणाले, "तू न्हाई, तर मी बी न्हाई."

दुसऱ्या दिवशी मोबाईल घेऊन फोटो काढायचं काम माझ्याकडे आलं. मी "हं, काढतो" म्हणावं आणि साहेबांनी सवयीने चौकटीबाहेर जावं, असं सात-आठ वेळा झालं. शेवटी त्यांनी घरातून उपरणं आणलं आणि त्याची नि वहिनींच्या पदराची स्वतः गाठ मारली. "आता बघू कसा पळतो!" वहिनी लग्नातही लाजल्या नसतील एवढ्या लाजल्या. तो फोटो फार सुंदर आला, असं मी निःसंकोच सांगतो.

जुने फोटोही साहेबांनी अर्जाला जोडले, सोबत प्रयोगशाळेच्या पद्धतीचा तक्ता. फोटोचं ठिकाण, साल, आणि शेरा प्रत्येक ओळीला एकच: "छत्री तीच. धरणारी तीच."

नंतरचे दोन महिने ते कुणाच्या साखरेत बोट घालेनात, तेव्हा आम्हालाच काळजी वाटू लागली. मग एका दुपारी फाटकातून आरोळी आली, "मिळाला! हिचा बी मिळाला!" जायच्या दिवशीही ते सवयीने गाडीकडे झपाझप निघालेच. मध्येच थांबले, मागे आले, आणि वहिनींच्या हातातली छत्री त्यांनी आपल्या हातात घेतली.

परवा मोबाईलवर त्यांचा फोटो आला. निळा समुद्र, मधोमध पाण्यात पाय सोडून बसलेल्या वहिनी, तोंडभर हसू. कडेला अर्धी काळी छत्री, आणि ती धरणारा साहेबांचा हात. बाकी साहेब फोटोत कुठेच नव्हते.

मला इतका आनंद झाला, की कुणाला तरी दाखवावा म्हणून तसाच उठलो आणि त्यांच्याच बंद फाटकाशी जाऊन उभा राहिलो.