बहिणीच्या कपाटातली प्रत

हे मी आजवर कुणापाशीच बोललेले नाही. बहिणीपाशीही नाही — आणि ती वस्तू तर तिच्याच कपाटात आहे.

मी चळवळीच्या पत्रकांवर वाढले. वडील ती छापून आणायचे, आम्ही बहिणी घड्या घालायचो; अक्षरओळखही त्यांच्यावरच झाली. पुढे मीच लिहू लागले. पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये बायकांच्या डोक्यावर छताला कॅमेरे बसले, तेव्हा मी लिहिलं — आमचा चेहरा, आमचा आवाज आमच्या मालकीचा. अनेकींना ते वाक्य पाठ आहे. मलाही.

त्या बायकांच्या रेकॉर्ड केलेल्या मुलाखती मी जपते. एक प्रत कॉम्प्युटरवर. दुसरी टेबलाच्या खणात, काळ्या हार्ड डिस्कवर. तिसरी निळ्या डिस्कवर — ती देवळाली कॅम्पला, बहिणीच्या साड्यांखाली. एक घर जळालं तरी आवाज उरावेत म्हणून. महिन्यातल्या एका रविवारी बसने जाऊन मी त्यात नवीन भर घालते. या शिस्तीचा मला फार अभिमान.

सुमनमावशी त्या पॅकहाऊसमध्ये द्राक्षांच्या पेट्या भरायच्या. सुपरवायझर अंगाला हात लावतो, हे त्यांनी मला मुलाखतीत नावानिशी सांगितलं होतं. मग मुलीचं लग्न ठरलं, त्याच गावात; आता हे बाहेर फुटायला नको होतं. त्या नाशिकला माझ्या खोलीवर आल्या, खुर्ची ओढून शेजारी बसल्या.

"माझ्यासमोर पूस, पोरी."

मी कॉम्प्युटरवरून पुसलं. काळी डिस्क लावून तिच्यावरूनही.

"आता अजून कुठं नाय ना?"

"नाही मावशी."

"मला काय कळतंय तुझ्या डबड्यांचं! तू नाय म्हणती म्हणजे नाय." हसल्या. चहा घेऊन गेल्या.

मी विसरले होते? नाही. विचारलं त्या क्षणी निळी डिस्क डोळ्यांसमोर होती. येत्या रविवारी पुसू, असं ठरवलं. गेले, डिस्क लावली — आणि तशीच काढून ठेवली. पुरावा आहे, उद्या लागेल, असं मनाशी म्हणाले. खरं सांगू? माझ्याकडचं ते सगळ्यात चांगलं रेकॉर्डिंग आहे. पुढे ती डिस्क कुरकुरायला लागली. तशीच निळी नवी घेतली, एकेक फोल्डर हाताने उतरवलं. मावशींचंही. या वेळी तर कुणी काही विचारलंही नव्हतं; मीच ठरवून केलं.

मावशी इतर बायकांना सांगतात, "हिच्यापाशी बिनधास्त बोला. नको म्हटलं की पुसती." त्यांच्या त्या शब्दावर बायका माझ्याशी बोलल्या. अजून बोलतात.

रेकॉर्डिंगच्या शेवटी त्यांचा प्रश्न आहे — "बंद केलं का गं?" त्यावर माझा आवाज — "हो मावशी." आणि त्यानंतरही ते बराच वेळ चालू आहे. त्यात मावशी रडतात.

मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं आहे.