जीव घाबरते म्हंजे भीती नाही

आमच्या आरोग्य उपकेंद्रात टॅब आला तवा स्टाफमंधी सगळ्यात जास्त मीच नाचली. आपण लक्षणं टाकायची, तो आजार सांगणार, पुढं काय करायचं तेही सांगणार. मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकलं, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलेही सांगितलं. आमच्या सिस्टर वीस वर्षांपासून तिथंच. त्या फक्त म्हणाल्या, "बरं हाय. चार्ज करत जा."

दुसऱ्याच आठवड्यात एक काकू आल्या, सोयाबीनच्या वावरातून सरळ. "बाई, जीव घाबरून राह्यला."

यादीत 'जीव घाबरणे' नव्हतंच. जवळचं काय, तर 'भीती वाटणे'. दाबलं. आता मी काही पुण्याची नाही, इथल्याच जऊळक्याची हाय. माही आई उन्हातून कासावीस होऊन आली का हेच म्हणते, आन् तिले कोणाचीच भीती वाटत नाही. पण हातात टॅब आला का मी घरची बोलीच इसरली.

टॅबनं विचारलं, भीती कशाची? मी तसंच विचारलं, "काकू, कायची भीती वाटते?"

काकूनं माह्याकडं पाह्यलं. "आतापरेंत कायचीच नव्हती. आता तुहीच वाटून राह्यली."

मी हसत पुढचं बटन दाबलं. टॅब म्हणे, रुग्णाशी शांतपणे बोला, दीर्घ श्वास घ्यायला सांगा. लागली मी काकूले श्वास शिकवाले.

तेवढ्यात सिस्टर लसीचा डबा घेऊन आत आल्या. काकूच्या कपाळाले हात लावला. गार, ओलं.

"छातीवर वजन ठेवल्यावानी वाटते का वं? डावा हात दुखते?"

"सकाळपासून दोनी होऊन राह्यलं."

सिस्टर माह्याकडं वळल्या. "आन् तू हिले योगासनं शिकवून राह्यली?"

मंग त्यांनीच सांगितलं, मी टाकलं: छातीत दाब, घाम, डावा हात. टॅब लगेच लाल. हृदयविकाराची शक्यता, तातडीनं पाठवा. म्हंजे त्याले समदं येत होतं. मलेच मराठी येत नव्हतं.

सिस्टरनं गोळी दिली, ॲम्ब्युलन्स बोलावली. वाशीमच्या दवाखान्यापरेंत मी काकूचा हात धरून बसली. 'भीती वाटणे' आता मले लागू होतं.

काकू वाचल्या. महिन्याभरानं गोळ्या न्यायले आल्या. मी टॅब बाजूला ठेवला, त्यांचेच शब्द लिहाले वही उघडली.

"सांगा काकू, काय होते?"

"आता जीव नाही घाबरत." मंग टॅबकडं बोट केलं. "त्यालेबी सांग. नाहीतर मनाले लावून घेईल बिचारा."